तुम्ही विचारलंत म्हणून: 'बद्दल'चं काय करायचं

"एवढं सगळं झालं, तरी तू जेवायच्या आधी डोळे मिटून आभार मानतेस. कसं काय जमतं गं?"

शाळेतल्या मैत्रिणी हे विचारतात तेव्हा आवाजात थोडं कौतुक असतं, थोडी कीव. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका तोच प्रश्न उलटा करून आणतात: "महिला सभेत तुमची साक्ष सांगा ना, दुसऱ्यांना उभारी येईल." आजवर सगळ्यांना हसून वाटेला लावलं. आता एकदाच सांगते.

साक्ष, म्हणजे देवानं आपल्याला कसं तारलं ते चारचौघांत सांगणं, मी देत नाही, कारण साक्षीचा साचा ठरलेला असतो. आधी अंधार, मग प्रार्थना, मग उजेड आणि शेवटी सगळ्यांचं 'हालेलुया'. माझ्याकडे उजेडाचा भाग अजून आलेला नाही. हे, माझे यजमान, गेल्यानंतरच्या पंधरवड्यात बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं 'परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले' मला कितीजणांनी पाठवलं, मोजलं नाही. तिसरा अध्याय एकानंही पाठवला नाही. तिथे हाच ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो.

पंडिता रमाबाईंचा दाखलाही समोर बसून ऐकवला गेलाय. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बाईंचा विश्वास ढळला नाही! (मनोरमेचं सोडलं तर बाकी सगळी मरणं बाप्तिस्म्याआधीची, तो झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात. पण सांत्वनाला आलेल्यांची सनावळी कोण तपासणार?) मनोरमेनंतर बाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. त्या महिन्यांत केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, दिवा मालवल्यावर, त्या देवाशी काय बोलल्या हे कुणाला ठाऊक आहे? मला रमाबाईंचा आधार वाटतो. त्यांची छडी करून माझ्यावर उगारू नका, एवढंच.

तर मे २०२१. बेडसाठी, ऑक्सिजनसाठी काय धावाधाव झाली ते सांगत बसत नाही, तुम्हीही ती केलेली आहे. 'देवाची इच्छा' म्हणणाऱ्यांना मात्र तेव्हाही सांगितलं होतं, सिलिंडर वेळेवर न मिळणं मी देवाच्या खात्यावर मांडणार नाही.

मातीच्या वेळी मी घरात बंद होते, मीही पॉझिटिव्ह. मुलगा पुण्यात अडकलेला. पुतण्यानं नगरच्या कबरस्तानातून व्हिडिओ कॉल लावला. चार माणसं, चौघंही किटमध्ये. त्यातले पाळकसाहेब कोणते ते आवाजावरून कळलं. गीत झालंच नाही. 'मातीला माती' एवढं ऐकू आलं आणि चित्र थिजलं. एक निळा हातमोजा, त्यात मूठभर माती, अजून न पडलेली. त्यावर ती गोल चकरी फिरतेय. मी फोन हलवला, खिडकीशी नेला, शेवटी स्टुलावर चढले. चौतीस वर्षांच्या संसाराची शेवटची दोन मिनिटं मी स्टुलावर उभी राहून रेंज शोधत होते. पुन्हा आवाज आला तेव्हा पुतण्या म्हणत होता, "काकू, झालं."

दुपारी बेल वाजली. दारात कुणी नाही, उंबऱ्याशी डबा. समोरच्या वहिनींचा, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. आत मुगाची खिचडी आणि वर चिठ्ठी: 'मीठ बेताचं घातलंय, तुमच्या बीपीमुळे.' मला भूक लागली होती. सांगायला अजून लाज वाटते, पण लागली होती. ताटात वाढून घेतलं, बसले आणि तोंडातून निघून गेलं, "प्रभो, या अन्नाबद्दल तुझे आभार." कळायला लागल्यापासून रोज दोनदा म्हटलेलं वाक्य. माझंच बोलणं माझ्या कानावर आलं आणि मी ताट दूर लोटलं. कुणाचे आभार? आज? स्वतःच्या तोंडाची चीड आली. खूप वेळानं ताट पुन्हा ओढलं आणि गार झालेली खिचडी शिताशितानं संपवली. मीठ बेताचं होतं का, कोण जाणे. तोंडाला चवच नव्हती.

तुम्ही ज्याला माझी श्रद्धा म्हणता ती एवढीच. पुढे वर्षभर मी म्हणत होते, ती सवय होती, दुसरं काही नाही. मग वाटायला लागलं, सवयीला इतकं हिणवायचं कशाला? बुद्धी बधिर झाली तेव्हा तीच एकटी जागी होती. पण हेही मी स्वतःची समजूत काढायला म्हणत असेन.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे बरेच दिवस मी व्याकरणात लपले. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल लिहितो, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' (५:१८), म्हणजे आभार माना. 'स्थितीत', सप्तमी! स्थितीच्या आत राहून करा, स्थितीबद्दल करा असं तो म्हणतच नाही. म्हणजे खिचडीचे आभार, मरणाचे नाहीत. फार सुटल्यासारखं वाटलं. हे मी चार-पाच जणींना तोऱ्यात ऐकवलंही. मग मुलानं, जो आता जेवताना डोळे मिटत नाही त्यानं, इफिसकरांस पत्र माझ्यापुढे ठेवलं. ५:२०. 'सर्व गोष्टींबद्दल'. सरळ 'बद्दल'. आणि लिहिणारा स्वतः बंदिवान.

"आई, आता?"

मला उत्तर आलं नाही. मी मरणाबद्दल आभार मानत नाही, मानणार नाही, आणि ते वाक्य बायबलमधून खोडतही नाही.

कबरीवर 'पुनरुत्थानाच्या आशेत' कोरायचं की नुसतं नाव आणि तारखा, यावरून आमचं भांडण झालं. मुलगा म्हणाला, "तुला खरंच वाटत असेल तरच कोर." म्हटलं, मला रोज वाटत नाही, पण दगड रोज बदलता येत नाही. पाथरवट अक्षरांवर पैसे घेणारा, "बाई, एवढा मोठा शब्द हवाच का?" म्हणाला. हवा, म्हटलं. त्यानं 'पुनरुथ्थानाच्या' कोरून ठेवलं. जन्मभर शुद्धलेखनाचे गुण कापले मी. रविवारी उपासनेनंतर फुलं ठेवायला वाकते, तेव्हा अजून हात लाल पेन शोधतो.