इथे सगळेच राँग साईडने चालवतात

पुणेकराला रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायचा अनुभव नसतो असं कोण म्हणतं? पुढच्या चौकापर्यंत जाऊन यू टर्न घ्यायचा जीवावर आलं की किराणा दुकानापासून आपल्या गल्लीपर्यंत आपण सगळे उजवीकडूनच जातो, दिवसाढवळ्या हेडलाईट लावून आणि चेहऱ्यावर "दोनच मिनिटं हो" असा भाव ठेवून. त्यामुळे जर्मनीला यायचं ठरल्यावर जो तो "अगं तिकडे उलटं चालवतात, जमेल का तुला" असं विचारायला लागला तेव्हा मला मनातून हसूच यायचं. आता श्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगेनला राहून काही वर्षं झाली, लायसन्स इथलं आहे, आणि पुण्याहून कंपनीत नवीन येणारं प्रत्येक जण मला तेच विचारतं म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतेय.

गाडीच्या आतलं उलटंपालटं लवकर बसतं, त्याची काळजी करू नका. पाय तेच, म्हणजे क्लच ब्रेक ॲक्सिलरेटर त्याच क्रमाने असतात. गियर उजव्या हाताने टाकायचा, पॅटर्न तोच, फक्त पहिला गियर आपल्यापासून लांब असायचा तो इथे गुडघ्याजवळ येतो. आपल्या मारुतीत इंडिकेटर उजवीकडे आणि वायपर डावीकडे, इथे बरोब्बर उलटं, त्यामुळे रखरखीत उन्हात वायपर फडफडवत वळणारी गाडी दिसली की आत आपल्यापैकीच कोणीतरी नवीन आलेलं आहे असं समजून हात करायला हरकत नाही.

त्यापेक्षा गाडीच्या रुंदीचा अंदाज जास्त त्रास देतो. आपण आता डावीकडे बसलोय म्हणजे गाडीचं सगळं धूड उजवीकडे आहे, आणि डोक्याला सवय अशी की उजव्या खांद्याच्या पलीकडे लगेच गाडी संपते, मग काय होतं की नवीन माणूस नकळत उजवीकडे सरकत सरकत जातो आणि शेजारी बसलेला माणूस पार्क केलेल्या गाड्यांचे आरसे मोजत जीव मुठीत धरून बसतो. यावर मला इथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सांगितलेली खूण सगळ्यात उपयोगी पडली: ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधोमध असतो. पुण्यात मधली रेघ तुमच्या उजव्या खांद्याशी असते, इथे डाव्या खांद्याशी. मधली रेघ शेजारच्याच्या बाजूला गेलेली दिसली की समजायचं काहीतरी चुकतंय, आधी वेग कमी करा मग विचार करा.

आता सगळे जण जो सल्ला देतात त्याबद्दल. "रविवारी सकाळी काढ गाडी, रस्ते मोकळे असतात, हात साफ होईल." मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि उलट्या बाजूने चालवणाऱ्यासाठी सगळ्यात धोकादायक गोष्ट कुठली असेल तर ती हीच, मोकळा रस्ता. ट्रॅफिक असलं की पुढच्या गाडीच्या मागे जायचं, समोरून येणाऱ्या गाड्या कुठल्या बाजूला आहेत ते दिसत असतं, मेंदूला काही करायलाच लागत नाही. पण पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, सुपरमार्केटच्या पार्किंगमधून, वन वे संपून दुहेरी रस्ता सुरू होतो तिथे, किंवा रात्री अकराला स्टेशनवरून कोणाला तरी घेऊन येताना, समोर ना गाडी ना माणूस, तेव्हा हात जुन्या सवयीने वळतात. आणि त्यातही डावं वळण. पुण्यात डावीकडे वळणं म्हणजे कडेकडेने छोटंसं वळायचं. इथे डावं वळण हे मोठं वळण आहे, समोरून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, मग चौकाच्या मध्यापर्यंत पुढे जाऊन लांबच्या लेनमध्ये शिरायचं. शरीर मात्र म्हणतं डावीकडे ना, मग घे की कडेने, आणि कडेने घेतलं की आपण थेट समोरच्यांच्या लेनमध्ये. म्हणून माझा सल्ला, पहिल्यांदा गाडी मंगळवारी दुपारी काढा, मध्यम ट्रॅफिकमध्ये, आणि मोकळ्या रस्त्यावर डावीकडे वळताना मोठ्याने बोला, "मोठं वळण". शेजारचे हसतील, हसू देत.

उजवं वळण छोटं आहे म्हणून सोपं असं वाटेल, पण तिथे सायकलवाले असतात. उजव्या कडेने सरळ जाणाऱ्या सायकलचा हक्क पहिला, आपण वळताना तिला आडवं जायचं नाही, त्यासाठी आरसा बघून भागत नाही, मान फिरवून खांद्यावरून मागे बघावं लागतं. परीक्षेत ती मान फिरली नाही तर नापासच धरून चाला, नुसत्या बुबुळाने बघितलेलं परीक्षकाला दिसत नाही. इथे मात्र पुणेकराला फायदा आहे. डाव्या फटीतून घुसणाऱ्या टू व्हीलर बघत मोठे झालेलो आपण, फक्त फट आता उजवीकडे आली एवढंच.

आणि लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं नाही. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ बिनधास्त वळतो कारण त्यांच्याकडे थांबून, बघून लाल दिव्यावर उजवीकडे जाता येतं, आणि आपल्याकडे फ्री लेफ्ट हा तर जन्मसिद्ध हक्क आहे. जर्मनीत सिग्नलशेजारी छोट्या पाटीवर हिरवा बाण रंगवलेला असेल तरच, तेही आधी पूर्ण थांबून. ही पाटी मूळची पूर्व जर्मनीची, १९७८ मध्ये तिथे सुरू झाली आणि देश एक झाल्यावर १९९४ पासून सगळीकडे चालायला लागली.

बाजूची सवय साधारण पावसाळ्याएवढ्या काळात होते. ज्याची सवय व्हायला मला खरंच वेळ लागला ती गोष्ट वेगळी आहे, तिचं नाव रेश्ट्स फोर लिंक्स. ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, काही नाही, तिथे तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्ता लहान असो मोठा असो, गाडी खटारा असो. घरांच्या भागातल्या तीसच्या झोनमध्ये, म्हणजे जिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असते तिथे, असे चौक ओळीने असतात. मजा म्हणजे आपल्याकडच्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्येही बिनसिग्नलच्या चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ द्या असंच लिहिलेलं होतं, फक्त ते वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पुणे आणि ब्रेमेन ही भगिनी शहरं आहेत म्हणून औंधला ब्रेमेन चौक आहे, तिथे कोणी हा नियम पाळून दाखवावा, माझ्यातर्फे मिसळ. आपल्याकडे चौकात आपण समोरच्याचा चेहरा वाचतो, तो दबतोय का, बाई आहे का, फोनवर आहे का, आणि त्यावर कोण जाणार ते ठरतं. इथे उजवीकडचा माणूस तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. त्याचा हक्क आहे, तो पन्नास पावलांवरून ब्रेकवर पाय न ठेवता येतो, कारण तुम्ही थांबणार यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो, आणि तो विश्वास बघून मला सुरुवातीला अक्षरशः घाम फुटायचा. आणि आपला हक्क असेल तेव्हा आपण उगाच चांगुलपणा करून थांबलो तर मागचे वैतागतात.

गोल चौक, म्हणजे सर्कल, तिथे सगळं फिरतं. पुण्यात घड्याळाच्या दिशेने जातो, इथे उलट, आणि आत असलेल्यांना जाऊ द्यायचं म्हणजे बघायचं डावीकडे. आत शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना द्यायचाच. ऑटोबानबद्दल, म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेबद्दल, सगळ्यांना उत्सुकता असते पण बाजूच्या दृष्टीने ते सगळ्यात सोपं प्रकरण आहे, उजवीकडून चाला, ओव्हरटेक फक्त डावीकडून, झालं की परत उजवीकडे या. एक्स्प्रेसवेला उजव्या लेनमध्ये ठाण मांडलेल्या ट्रकला डावीकडून काढायची जी आपल्याला सवय आहे ती मात्र पूर्ण सोडायची. ट्रॅफिक जॅम झाला की ॲम्ब्युलन्ससाठी मधे वाट करून द्यावी लागते, सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकी सगळ्या उजवीकडे. उजव्या हाताचा पंजा उपडा धरून बघा, अंगठा आणि बोटांमधली फट म्हणजे ती वाट. इथल्या पोरांना असंच शिकवतात.

लायसन्सचं थोडक्यात: आपलं भारतातलं इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट जोडून. पुढे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं, शिवाय डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स. थिअरीला ३० प्रश्न, जर्मन सोडून आणखी १२ भाषांत देता येते, त्यात अरबी आहे तुर्की आहे, हिंदी नाही. इंग्रजीत द्या. प्रॅक्टिकलला परीक्षक मागे बसतो आणि कुठे वळायचं तेवढंच सांगतो, काही बोलला नाही तर सरळ जायचं. घाबरून दर चौकात त्याला विचारू नका.

हे सगळं कोणी ठरवलं म्हणून मी एकदा वाचत बसले होते. स्वीडन १९६७ पर्यंत डावीकडून चालवत होतं, ३ सप्टेंबरच्या पहाटे ५ वाजता अख्खा देश उजवीकडे गेला. त्याआधी १९५५ मध्ये जनमत घेतलं तेव्हा मोठ्या बहुमताने लोक नको म्हणाले होते, पण शेजारी सगळे उजवीकडून चालवणारे आणि स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच, मग सरकारने केलंच. सामोआ उलटं, २००९ मध्ये उजवीकडून डावीकडे आलं, कारण ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडमधल्या जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात. आणि आपलं गोवा! पोर्तुगाल १९२८ मध्ये उजवीकडे गेलं पण गोवा डावीकडेच राहिलं, कारण चहूबाजूंना डावीकडून चालवणारा ब्रिटिश मुलूख. तसं झालं नसतं तर सावंतवाडीकडून जाणाऱ्यांना पुढे बाजू बदलावी लागली असती, आणि आपली माणसं ती कशी बदलली असती याची कल्पना करवत नाही.

खरी कसोटी मात्र इंग्लंडला लागते. मावसबहीण लंडनला असते म्हणून आम्ही इथली गाडी घेऊन गेलो, फ्रान्समधल्या कॅलेहून गाडी ट्रेनवर चढवायची, समुद्राखालून साधारण ३५ मिनिटांत इंग्लंडमधलं फोकस्टन. वाटलं चला, आता आपली बाजू, घरच्यासारखं. कसलं काय. रस्ता डावा आणि स्टिअरिंगही डावं, म्हणजे ते ड्रायव्हर मधोमध वगैरे सगळं बाराच्या भावात, आपण फुटपाथच्या कडेला बसलेलो आणि मधली रेघ नवऱ्याच्या खांद्याशी. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर मागून काय येतंय ते नवरा बघणार, "थांब, थांब, ये, नको नको, आता ये" असली कॉमेंट्री. पार्किंगचं तिकीट त्याच्या खिडकीतून घ्यायचं. हेडलाईटचा झोत इथल्या गाड्यांत उजव्या कडेकडे थोडा वर टाकलेला असतो, तो तिकडे समोरच्याच्या डोळ्यात जातो म्हणून काचेवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात त्या लावल्या. वेग मैलात, म्हणजे ७० लिहिलं की ११२. केंटमध्ये रस्त्याकडेला इंग्रजी, फ्रेंच, जर्मनमध्ये "डावीकडून चालवा" अशा पाट्या आहेत, आणि मी मराठी बाई त्यातली जर्मन पाटी आधी वाचली. दोन दिवसांनी मी बहिणीला म्हटलं तुझी गाडी दे गं, आणि उजव्या सीटवर बसल्यावर कुठे श्वास खाली आला.

आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले तेव्हा बाबा पुढे उजवीकडे बसायचे, म्हणजे त्यांच्या हिशोबाने ड्रायव्हरच्याच जागी, आणि चौक आला की पाय दाबायचे. "अगं थांब, तो उजवीकडून येतोय." "थांबतेच आहे बाबा." "आणि आता का नाही थांबलीस?" "आता डावीकडून येतोय तो थांबेल." तो खरंच थांबला की बाबा मागे वळून आईला सांगायचे, "बघ, थांबला." महिन्याभरात बाबांना नियम इतका पाठ झाला की ते शेजारी बसून आधीच निकाल द्यायला लागले, आपली पाळी, त्याची पाळी, आपली.

परत गेल्यावर कोथरूडच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांनी उजवीकडून येणाऱ्या ॲक्टिव्हासाठी गाडी थांबवली. ॲक्टिव्हावालाही थांबला, त्याला वाटलं गाडीत काहीतरी बिघाड आहे. बाबा हाताने जा जा करतायत, तो संशयाने बघतोय, मागे दोन रिक्षा आणि एक टेम्पो हॉर्नवर बसलेले. शेवटी त्याने हेल्मेटची काच वर केली, "काका, जाताय का नाही?" बाबा म्हणाले, "तुमची पाळी आहे." तो म्हणाला, "कशाची?"