हिरवी ट्यूब कशाला?

पावसाळ्यात वरंधा घाटात कागद घेऊन बसलं की एकाच डोंगरावर किती हिरवे आहेत ते कळतं. माझ्या जलरंगांच्या पेटीत तयार हिरवी ट्यूब नाही. नवशिक्यांनीही ती एवढ्यात घेऊ नये, असं माझं ठाम मत.

निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. पण कुठला निळा? अल्ट्रामरीन थोडा जांभळ्याकडे झुकलेला असतो, म्हणजे त्यात लालसर झाक असते. त्यात लेमन यलो घातला की ती लालसर झाक हिरव्याचा तजेला मारते आणि मळकट, शेवाळी छटा येते. कातळावरच्या शेवाळाला ती झकास! भाताच्या रोपांचा पोपटी हवा असेल तर मात्र थॅलो ब्लू घ्या, तो मुळातच हिरव्याकडे झुकलेला. फक्त जपून, फार जहाल रंग आहे. आधी पिवळा भरपूर कालवा आणि मग ब्रशच्या टोकाने निळा थोडा थोडा सोडा. उलट केलंत तर पिवळ्याची अख्खी ट्यूब संपेल.

ढगांसाठी काळा नको. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घाला. सिएना म्हणजे खरं तर गडद नारिंगी, निळ्याचा विरोधी रंग, त्यामुळे दोघं मिळून सुरेख राखाडी होतो. निळा जास्त तर भरलेलं आभाळ, सिएना जास्त तर भिजलेला कातळ.

जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा छटा पॅलेटवर नाही, त्याच कागदाच्या कपट्यावर वाळवून बघा.