तुम्ही विचारलंत म्हणून: जहाजाच्या मुलाखतीची तयारी कशी करावी?

बारावीचे निकाल लागले की सांगलीतल्या माझ्या घरी एक प्रश्न हमखास येतो. तासगाव, पलूस, वाळवा, कधी कऱ्हाडकडचे पालक मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, प्रवेश परीक्षा झाली, आता जहाज कंपनीची मुलाखत आहे. काय विचारतील आणि पोराकडून काय पाठ करून घ्यायचे?" मी मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो आणि पुढे काही वर्षे कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, निवडणाऱ्या मंडळावर बसलो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

पाठ काहीही करून घेऊ नका, हे माझे थोडक्यात उत्तर. तयारी मात्र भरपूर करायची आहे आणि तिच्यातला मोठा भाग मुलाच्या घराच्या, शेताच्या आणि गावाच्या आसपासच पडलेला आहे.

आधी ही मुलाखत एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या सामाईक प्रवेश परीक्षेत चांगला क्रमांक आला म्हणजे जहाज मिळाले, असे अनेक पालक धरून चालतात. नॉटिकल सायन्सचा, म्हणजे जहाज चालवण्याच्या शास्त्राचा, पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो, पण त्यानंतर 18 महिने कॅडेट म्हणून प्रत्यक्ष जहाजावर काढल्याशिवाय सेकंड मेटच्या, म्हणजे जहाजावरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या, परीक्षेला बसता येत नाही, आणि ते जहाज देते कंपनी. म्हणून कंपनीचे प्रायोजकत्व म्हणजे या शिक्षणाचा कणा आहे. मेकॅनिकलची पदवी घेऊन एक वर्षाच्या मरीन इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कंपनीचे पत्र हातात नसताना लाखांनी शुल्क भरून बसलेली आणि नंतर जहाजासाठी वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरे झिजवणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांचे चेहरे आठवले की आजही वाईट वाटते.

मुलाखतीच्याही आधी डोळे तपासून घ्या. जहाज चालवणाऱ्या डेक विभागासाठी चष्म्याशिवाय उत्तम दृष्टी लागते, इंजिन विभागात मर्यादित क्रमांकाचा चष्मा चालतो, पण रंगांधळेपणा दोन्हीकडे चालत नाही. रात्री समोरच्या जहाजाचा डावा दिवा लाल आणि उजवा हिरवा दिसतो, आणि त्यावरून ते कोणत्या दिशेने चालले आहे हे ठरवायचे असते. ज्याला हा फरक दिसत नाही त्याच्या हाती जहाज देता येत नाही. रंगीत ठिपक्यांमधले आकडे ओळखण्याची ही तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते. ती न करता दोन-दोन वर्षे क्लास लावलेल्या मुलाला वैद्यकीय तपासणीत माघारी यावे लागते, तेव्हा त्याची समजूत काढणे फार कठीण जाते.

आता मुख्य विषय. एक मुलाखत मी विसरलेलो नाही. वाळवा तालुक्यातला मुलगा, मेकॅनिकलची पदवी घेतलेला, गुण चांगले. माझ्या शेजारच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीत विचारले की सेंट्रिफ्युगल पंपाला प्रायमिंग, म्हणजे चालू करण्याआधी आत पाणी भरणे, का लागते. मुलाने पुस्तकातली व्याख्या सुरू केली, दोन वाक्ये म्हटली आणि तिसऱ्याला अडकला. पाठ केलेली साखळी तुटली की पुढची कडी सापडत नाही, तसे झाले. मी अध्यक्षांची परवानगी घेतली आणि मराठीत विचारले, "शेतीला पाणी कुठून आणता?" तो म्हणाला, "नदीवरून, सर. आमची मोटार आहे." मग विचारले, "सकाळी मोटार चालू केली आणि पाणी आले नाही, तर काय करतोस?"

त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "मोटार हवा धरते, सर. फुटबॉलमध्ये कचरा अडकला की रात्रभरात पाइप रिकामा होतो." फुटबॉल म्हणजे ओढीच्या पाइपाच्या तळाशी बसवलेला फूट व्हॉल्व्ह, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पुढे तो आपणहून सांगत गेला: आधी मोटार बंद करायची, वरून बादलीने पाणी ओतायचे, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ओतत राहायचे, मग बूच आवळून चालू करायची. मी विचारले, तशीच कोरडी चालू ठेवली तर? "पंप तापतो आणि ग्लँडची दोरी जळते." ही दोरी शाफ्टभोवती गळती रोखायला भरलेली असते. मग ती इतकी घट्ट आवळावी का, की थेंबही गळू नये? "नाही सर, थेंब थेंब गळायलाच पाहिजे, नाहीतर शाफ्ट झिजतो."

जहाजाच्या इंजिन रूममध्ये पंप सांभाळणाऱ्या कनिष्ठ इंजिनिअरला याहून वेगळे काही करायचे नसते. फक्त यामागचे भौतिकशास्त्र जोडायचे राहिले होते. हवेची घनता पाण्याच्या सुमारे आठशेव्या भागाइतकी असते. फिरणारा इंपेलर, म्हणजे पंपातले पात्यांचे चाक, जो दाब तयार करतो तो आतल्या पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो, म्हणून आत हवा असेल तर खालचे पाणी वर येण्याइतका दाबातला फरक पडतच नाही. पाणी वर ढकलते ते बाहेरच्या वातावरणाचा दाब, आणि तोही सिद्धान्तानुसार 10 मीटरच्या आसपास, प्रत्यक्षात 7 मीटरच्या पुढे भरवशाचा नाही. म्हणूनच जहाजावर समुद्राचे पाणी ओढणारे थंडाव्याचे पंप पाण्याच्या पातळीखाली बसवतात, म्हणजे पाणी आपोआप पंपात भरलेले राहते. तळाचे साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला मात्र हवा काढून टाकण्याची सोय द्यावी लागते. मुलाला हे सगळे माहीत होते. शेतातला पंप आणि परीक्षेतला पंप एकच आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेच त्याला साध्या इंग्रजीत पुन्हा सांगायला लावले. व्याकरण डळमळीत होते, पण समज पक्की होती, आणि त्याची निवड झाली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी प्रश्नसंच देत नाही. आपल्या मोटारीचा पंप खोलून पाहा, असे सांगतो. गॅरेजमध्ये एखादे डिझेल इंजिन उतरवले असेल तर तिथे दिवसभर उभे राहा. ओळखीने साखर कारखान्यात जाता आले तर बॉयलर हाऊस पाहा. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा दोन का असतात, सेफ्टी व्हॉल्व्ह कोणत्या दाबाला उडतो आणि तो कोण ठरवते, हे तिथल्या अटेंडंटला आदराने विचारा. मुलाखतीत "मी हे पाहिले आहे" असे म्हणणारा मुलगा वेगळाच उठून दिसतो, कारण पुढचा प्रश्न कोणताही आला तरी त्याच्या डोळ्यांसमोर एक यंत्र असते.

डेकला जाणाऱ्यांसाठी आपली कृष्णा पुरेशी आहे. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटांत वाचतात आणि 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात, हे सांगलीचे लहान मूलही सांगेल. जहाजाच्या नाळेवर म्हणजे पुढच्या टोकाला, मध्यावर आणि मागे असेच आकडे रंगवलेले असतात आणि ते वाचूनच जहाज किती बुडाले आहे व किती माल चढला आहे, याचा हिशेब लावतात. मग प्रश्न येतो: समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात आलेले जहाज अधिक बुडेल की वर येईल? समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे 1025 किलो, गोड्या पाण्याची 1000. तेवढेच वजन तोलायला गोडे पाणी जास्त बाजूला सारावे लागते, म्हणून जहाज अधिक बुडते. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत शिकलेले असते, इथे फक्त ते वापरायचे असते. आणि कृष्णा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ महाबळेश्वरला उगम पावूनही आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, हे नदीकाठच्या मुलाला सांगता आले नाही तर मंडळाला ते खटकते. जो आपल्या गावचा नकाशा पाहत नाही तो समुद्राचा काय पाहणार, असे त्यांना वाटते, आणि मलाही तसेच वाटते.

सांगलीच्या मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून विचारतो. विश्रामबागचे वालचंद महाविद्यालय सगळ्यांना माहीत असते, मग हे वालचंद कोण? बहुतेक जण गप्प राहतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. त्या कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि म्हणूनच 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असताना हे धाडस करणाऱ्या माणसाच्या नावाखालून आपण रोज जातो. याचा अभिमान मुलांना वाटावा, अशी माझी फार इच्छा आहे.

"जहाजावर का जायचे आहे?" हा प्रश्न चुकत नाही. समुद्राची लहानपणापासून ओढ होती, हे उत्तर ज्याने समुद्र गणपतीपुळ्याच्या सहलीतच पाहिला त्याच्या तोंडी शोभत नाही आणि मंडळाला ते लगेच कळते. पगार चांगला आहे, घरची जबाबदारी आहे, असे खरे सांगितले तर कोणी नाक मुरडत नाही. मात्र त्यापुढे कामाची कल्पना असल्याचे दिसले पाहिजे. कॅडेटला सहा ते नऊ महिने घराबाहेर राहावे लागते, दिवाळी आणि बहिणीचे लग्न चुकू शकते, गंज खरवडणे आणि टाक्या साफ करणे हीच सुरुवातीची कामे असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळायला हवी. तेवढीच विश्रांती धरून जगायचे दिवसही येतात. आईवडिलांनी मुलाशी हे आधीच बोलून घ्यावे.

इंग्रजीची धास्ती अकारण घेऊ नका, पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. जहाजावर फिलिपिन्सचा, युक्रेनचा, केरळचा माणूस एकत्र काम करतो आणि आग लागली तर सगळ्यांना एकच भाषा कळावी लागते. रोज एखादी पाहिलेली गोष्ट छोट्या वाक्यांत मोठ्याने सांगण्याचा सराव करा. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा. न कळलेला हुकूम कळल्यासारखी मान डोलावणारा माणूस जहाजावर धोक्याचा असतो, म्हणून पुन्हा विचारणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत.

चालू घडामोडींत एखादी घटना मुळापासून समजून घ्या. 26 मार्च 2024 रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे 'डाली' या मालवाहू जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळले आणि पूल कोसळला. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. त्यांनी दिलेल्या धोक्याच्या संदेशामुळे पुलावरची वाहतूक रोखता आली, तरी पुलावर काम करणारे सहा कामगार वाचले नाहीत. वीज गेल्यावर इमर्जन्सी जनरेटर 45 सेकंदांत का सुरू व्हावा लागतो, हे या एका घटनेतून जितके कळते तितके दहा व्याख्यांतून कळत नाही.

पैशांबाबत स्पष्ट सांगतो. संस्थेचे शिक्षणशुल्क वेगळे. पण मुलाखत "करून देण्यासाठी" किंवा जहाजावर लावण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार 2006 आणि आपल्या देशाचे नियम, दोन्ही उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायला मनाई करतात. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आपल्या भागातल्या काही कुटुंबांनी यात जमिनी गमावल्या आहेत.

शेवटी मंडळ विचारते, "तुला काही विचारायचे आहे का?" तेव्हा "नो सर" म्हणून उठू नका. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण किती महिन्यांत जहाज मिळते, कॅडेटना कोणत्या प्रकारच्या जहाजांवर पाठवता आणि प्रायोजकत्वाच्या पत्रात हे लेखी असते का, एवढे विचारा. चांगली कंपनी या प्रश्नांची उत्तरे सरळ देते, आणि जी देत नाही तिचे पत्र घेण्यापूर्वी घरी येऊन वडिलांशी बोला.