घाटात तिसऱ्या लेनला ट्रक

सुट्टीच्या दिवशी सकाळी मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाच्या तोंडून खोपोली सोडल्यावर जी भाषा बाहेर पडते ती घरच्यांसमोर बोलण्यासारखी नसते, माझ्याही पडते. डावीकडे कंटेनर, मधे कंटेनर, आणि उजवीकडची लेन जी फक्त ओव्हरटेकसाठी आहे असं जागोजागी बोर्ड लावून सांगितलंय तिथे तिसरा ट्रक, तिघेही २० च्या स्पीडने गणपतीच्या मिरवणुकीसारखे चाललेत. मागे आपण फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड, क्लचचा वास यायला लागलाय, मागच्या सीटवरून पोरगं विचारतंय लोणावळा आलं का. नाही आलं बाळा, अजून बोगदापण नाही आला.

एक्सप्रेसवे ९४.५ किमीचा, २००२ ला पूर्ण सुरू झाला, तेव्हा केवढं कौतुक होतं आपल्याला. पण घाटात एक गोची आहे जी रोज जाणाऱ्यांनापण पटकन लक्षात येत नाही. आडोशी बोगद्यापासून खंडाळा एक्झिटपर्यंत जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकच होतात, म्हणजे सहा पदरी अधिक चार पदरी अशी दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबायची, तीही चढावर. मिसिंग लिंकचं, म्हणजे हा घाट टाळून जाणाऱ्या नव्या रस्त्याचं, काम काढलं ते याच दुखण्यावर.

आता ओव्हरटेकचा हिशोब, हा मी एकदा घाटातच अडकलेलो असताना मोबाईलवर मांडला (बायको गाडी चालवत होती, शांत व्हा). पुढचा ट्रेलर २० ने चढतोय, मागच्याला वाटलं आपल्यात जरा दम आहे, तो २२ ने चढतोय. पुढच्याची लांबी, स्वतःची लांबी, मधलं थोडं अंतर धरून साधारण ६० मीटर जास्त कापायचे. फरक तासाला २ किमीचा, म्हणजे पावणेदोन मिनिटांच्या वर लागतात आणि तेवढ्यात तो साडेसहाशे मीटर पुढे गेलेला असतो. साडेसहाशे मीटर एक अख्खी लेन बंद! आणि मधेच चढ वाढला की त्याचा दम संपतो, मग दोघं शेजारी शेजारी, ना हा पुढे ना तो मागे, आणि आपण हॉर्न बडवतोय. हॉर्नने ४० टन हलत नाहीत.

एकदा कामशेतजवळ जुन्या हायवेला चहाच्या टपरीवर एका ट्रेलरवाल्याशी बोलणं झालं. आष्टीकडचा माणूस, गळ्यात पंचा, न्हावा-शेव्यावरून चाकणला माल घेऊन चाललेला. मी सरळच विचारलं, काका तुम्ही लोक उजव्या लेनला का घुसता हो? ते चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, डावीकडं बघितलं का कधी नीट? दर वळणाला एक गाडी बंद पडलेली, बोनेट उघडं, मागं दगड लावलेला. तिच्यामागं एकदा थांबलो की भरल्या गाडीला चढावर उठवायचं कुणी? तुम्ही येताय ढकलायला?" मग हाताने दाखवलं, गिअर पाडायला अर्धा सेकंद उशीर झाला की काटा कसा खाली येतो आणि गाडी कशी मरते ते. चालू ठेवलेला वेग हाच त्यांचा सगळा जीव, तो घालवायचा नाही म्हणून आधीच उजवीकडे सरकून ठेवायचं. चहाचे पैसेपण देऊ दिले नाहीत मला.

म्हणजे ते बरोबर आहेत का? नाही. लेन तोडणं ते तोडणंच, आता २०२४ पासून कॅमेरेपण लागलेत, चलन येतं. फक्त माझा राग आता ड्रायव्हरवरून सरकून गाडीत माल किती भरला हे ठरवणाऱ्यावर गेलाय. २०१८ साली सरकारनेच वजनाची मर्यादा वाढवली, १० टायरची गाडी २५ टनांवरून २८.५ वर गेली, आणि त्याच्यावर जो चोरून भरतात तो वेगळाच. भाडं टनावर मिळणार, डिझेल मोजून देणार, ड्रायव्हरला पैसे फेरीवर, मग जुनी गाडी घाटात कशी चढते हे बघायला मालक कुठे येतोय. केबिनमधे एसी तर १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना सक्तीचा झाला, बाकीचे अजून मे महिन्यात इंजिनच्या शेजारी बसून भाजतायत.

आणि कारवाले आपण काय कमी आहोत का. दोन ट्रकच्या मधे गाडीभर जागा दिसली की कट मारून घुसायचं, मागचा ट्रक ब्रेक मारतो, त्याचा वेग जातो, तो अजून खालच्या गिअरला, आणि त्याच्या मागची सगळी लाईन अजून हळू. ट्रकला शिव्या घालत घालत ट्रकला स्लो करणारे आपणच.

उतरताना उलटा प्रकार. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून सोडतात काहीजण, मग पूर्ण वजन ब्रेकवर, ब्रेक तापले की संपलं. घाटातच असं नाही, पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराला काय काय अपघात होतात ते सगळ्यांना माहितीये. त्यामुळे उतारावर कोणी खालच्या गिअरला रखडत चालला असेल तर मी आता गपचूप मागे राहतो, तो माणूस शहाणा आहे. चढावरचा उजव्या लेनवाला मात्र दिसला की तोंड सुटतंच, काकांचा चहा पिऊनसुद्धा.