चटई ओढणारा बेल्ट्रे
डॅलसला आल्यावर मी बेसबॉल बघायला लागलो तो निव्वळ इथल्या टेक्सास रेंजर्स संघाच्या एड्रियन बेल्ट्रेपायी. डॉमिनिकन रिपब्लिकच्या या पोराला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने १९९४ मध्ये घेतलं तेव्हा तो १५ वर्षांचा. नियम १६ चा. जन्मतारीखच फिरवली होती! (पुढे क्लबवर कारवाई झाली, ते सोडा.) १९ व्या वर्षी थेट मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वात वरची लीग. जागा तिसऱ्या बेसजवळ, फिल्डिंगला. तिथे चेंडू सणसणत येतो. हा धावता धावता एका हाताने उचलून तसाच पहिल्या बेसकडे फेकायचा. २०१७ मध्ये अंपायरने बजावलं, बॅटिंगला यायच्या आधी वर्तुळात उभा राहा. पठ्ठ्याने वर्तुळाची चटईच ओढून स्वतःजवळ आणली. हाकलला गेला. चारच दिवसांनी ३००० वा हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं)! डोक्याला हात लावलेला मात्र त्याला खपत नसे. संघातला जोडीदार एल्व्हिस अँड्रस मुद्दाम तेच करायचा.