तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं का अडवून धरतो?

गेल्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसून व्याह्यांनीही तेच विचारलं. "मास्तर, कंपन्या आपल्या पायांनी आयटीआयच्या दारात येतात, मग तुम्ही पोरांना अडवून का धरता?" पालक विचारतात, प्राचार्य विचारतात, शिकाऊ उमेदवारीच्या कराराचा मसुदा घेऊन आलेले एचआरवाले तर हसत हसत विचारतात. एकदा लिहूनच टाकतो.

अडवणारा मी कोण? सही प्राचार्यांची. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा जुना इन्स्ट्रक्टर म्हणून माझा शेरा तेवढा लागतो. आता त्या शेऱ्यावाचून फाइल हलत नाही, हे खरं. आणि तो मी लवकर लिहीत नाही, हेही खरं.

फेब्रुवारी 2024 मध्ये घरांच्या छपरावर सोलर बसवायची सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटच्या छपराला 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून फोन वाढलेत. "सर, सोमवारपासून सहा पोरं द्या." मी विचारतो, छपरावर त्यांच्याबरोबर कोण असेल? "आमचे सुपरवायझर असतात ना." नाव सांगा. एका वेळी किती साइट बघतो? इथे पलीकडचा आवाज थंडावतो. मेन स्विच पाडला तरी उन्हात पॅनल मरत नाही. दहा पॅनलची स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेली माळ, चारशे व्होल्टच्या आसपास डीसी देतच राहते, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपसूक विझत नाही. पोराने लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर? समोरच्याला हे ठाऊक नसतं असं नाही. त्याला महिनाअखेर छपरं मोजून दाखवायची असतात.

याला लोक हेका म्हणतात. म्हणोत.

पण एके काळी पोरं कंपनीत पाठवण्यात सगळ्यांत पुढे मीच होतो. 2016 साली दुहेरी प्रशिक्षण आलं, काही महिने वर्गात नि काही महिने कंपनीत. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवाराच्या स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार मालकाला देऊ लागलं. "आमच्या बोर्डावरची वीज पाळीव असते, पोरांना रानातली दाखवा," असं मी भर बैठकीत म्हणालो होतो. टाळ्या पडल्या. वाक्य मलाही आवडलं, पुढे तीन-चार ठिकाणी वापरलं.

माझा विश्वास हवेतला नव्हता. मी स्वतः गोव्यात डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात शिकलो. फोरमनने पहिले तीन महिने मला मोटरच्या टर्मिनल बॉक्सला हात लावू दिला नाही. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, धरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. शिव्या पोटभर. पण माझा हात कामात असताना तो माणूस कधी चहाला गेला नाही. पोरं कंपनीत पाठवायची म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो फोरमन यायचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि तसले फोरमन घरी बसले. करार करताना हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एका जूनची गोष्ट. माझ्या हाताखालून पास झालेला पेडण्याचा एक मुलगा एका कंत्राटदाराकडे शिकाऊ उमेदवार म्हणून लाइनवर होता. मीच पाठवलेला. आदल्या रात्री माड एलटी लाइनवर, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या तारांवर, पडला होता. सकाळी ट्रान्सफॉर्मरवरून शटडाऊन घेतला, शेवटच्या दोन खांबांकडे जाणारे जंपर, म्हणजे जोडतारा, सोडले, आणि तार धरणारा चिनी मातीचा शॅकल इन्सुलेटर बदलायला पोरगा शिडीवर चढला. त्या टोकावर घरं दोनच. एकाने, रात्रभर लायट नाही म्हणून, जनरेटर आणला आणि घर लाइनपासून तोडून जनरेटरला जोडणारा चेंजओव्हर स्विच न घालता, मेन न पाडता, थेट घरच्या वायरिंगला जोडला. पावसात जनरेटरच्या आवाजाकडे कोण लक्ष देतो? मेलेली म्हणून धरलेली तार उलट्या बाजूने जिवंत झाली.

चढण्याआधी त्याने डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीशी जोडून ठेवायचा दांडा, मागितला होता. हे मला त्याच्याबरोबरच्या हेल्परने सांगितलं, नंतर, इस्पितळाच्या व्हरांड्यात. रॉड दुसऱ्या गाडीत होता. सुपरवायझर म्हणाला, "परीक्षेला बसलायस काय? चढ." टेस्टरसुद्धा लावला नाही. वीस वर्षांचा पोरगा. साहेबाकडे एकदा मागितलं, दुसऱ्यांदा कसं मागणार?

शिडीवरून खाली पडला म्हणून वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पट्टा बांधलेला असता तर बहुधा तारेलाच चिकटून राहिला असता. आणि पट्टा न बांधणं ही आणखी एक चूक. असला हिशेब मी वर्गात शिकवू कसा?

1961च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, तेही त्यातच आहे. पैसे मिळाले. त्याची आई बाकावर बसली होती. मला बघून उठली, पदर सावरला, आणि चौकशी केल्यासारखं विचारलं, "सर, तुमीच धाडिल्लो न्ही ताका?"

सुपरवायझरला दोष देणं सोपं होतं. मी वर्षानुवर्षं दिला. जे फारसं कोणाला सांगितलं नाही ते असं, की अपघाताच्या बारा दिवस आधी मी त्या कंपनीत पाहणीला गेलो होतो. पाहणी म्हणजे एसी केबिन, चहा, बशीत काजू. "पोरं साइटवर आहेत, एवढ्या पावसात कुठे जाता सर?" मीही गेलो नाही. फॉर्मवर 'सुरक्षा साधने उपलब्ध' याच्यासमोर बरोबरची खूण केली. उपलब्ध होताच की रॉड. दुसऱ्या गाडीत.

म्हणजे पाठवूच नये? तसं म्हणायची छाती मला नाही. मागच्या बॅचने 11 केव्हीचा, म्हणजे अकरा हजार व्होल्टचा, खांब पुस्तकातच बघितला. तीच पोरं आज कुणाच्या ना कुणाच्या शिडीवर आहेत, रोजंदारीवर, माझ्या शेऱ्यावाचून, आणि तिथे वही तपासायला कोणी जात नाही. ट्रेडमधल्या एका मुलीने मला तोंडावर विचारलं, "सर, वाचवताय कोणाला, आम्हाला की स्वतःला?" मी तिला खडसावलं. उत्तर मात्र दिलं नाही.

चवथीच्या आदल्या आठवड्यात एका सोलर कंपनीने पहिल्यांदाच माझ्या प्रश्नाला लेखी उत्तर पाठवलं. चार पोरांमागे एक माणूस, पूर्ण वेळ छपरावर, खाली त्याचं नाव. नाव दोनदा वाचलं. तोच सुपरवायझर.

त्या मुलाला फोन केला. पंप आणि मोटरी दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे आता त्याचं. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "सर, आता तो कोणाला बघितल्याशिवाय चढवत नसणार." आणि जरा थांबून, "की चढवत असेल?"

व्याह्यांना हे सांगितलं नाही. त्यांना आणखी एक पातोळी वाढली. फाइल टेबलावर आहे, शेऱ्याची जागा कोरी.