लेबल नंतर चिकटवा, आधी नंबर ठरवा

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आयटी बघतो. यंदा आम्ही सीएमडीबी करायला घेतला, म्हणजे कुठला पीसी, स्विच, प्रिंटर कुठंय, त्यात काय टाकलंय आणि तो कशाला जोडलाय याची एकच पक्की नोंद.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते प्रत्येक वस्तूला द्यायच्या, लेबलवर छापायच्या नंबरनं. अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं, नंबरातच डिपार्टमेंट टाका, बघितलं की कळतं. मी ठाम नाही म्हणालो. आज अकाउंट्सचा पीसी उद्या डिस्पॅचला जातो, मग लेबल बदलणार का? आणि बदललं तर जुन्या तक्रारी, जुना रिपेअरचा खर्च शोधायचा कुठल्या नंबरखाली? आधार नंबर कसा, घर बदला, गाव बदला, नंबर तोच, आणि नंबरावरून माणूस कुठला ते कळत पण नाही, तसंच पाहिजे. जे बदलतं ते रजिस्टरला, जे बदलत नाही तेवढंच लेबलवर. शेवटी पटलं सगळ्यांना.

कंपनीनं मशीनला दिलेला सिरीयल नंबरच का नाही वापरला, असं बरेच जण विचारतात. ब्रँडेड मशीनला ठीक आहे, पण आमच्याकडं असेंबल केलेले पीसी लई, त्यांच्या बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, सिरीयलच्या जागी सरळ 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (मशीन बनवणाऱ्यानं भरायचं) येतं, चार मशीनला चारी ठिकाणी तेच! मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, तो कार्ड बदललं की बदलला. म्हणून आपला नंबर वेगळा, आणि सिरीयल, मॅक हे नुसते रकाने. व्हर्च्युअल सर्व्हरला (दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं चालणाऱ्या सर्व्हरला) तर स्टिकर लावायला अंगच नाही, तिथं नावच लेबल, त्यात विंडोजचं जुनं नेटबायोस नाव (नेटवर्कवर मशीन ओळखायचं नाव) १५ अक्षरांच्या पुढं जात नाही, म्हणून नंबर आखूडच ठेवला.

मग लेबल. साधी थर्मल पट्टी (शाईशिवाय, उष्णतेनं छापली जाणारी) ऑफिसात चालते, पण डाइंगला, म्हणजे रंगाईच्या विभागात, वाफ आणि वरून सोलापूरचा उन्हाळा, उष्णतेनं तो कागदच काळपट पडतो, अक्षर वाचता येत नाही. शाईच्या रिबननं छापलेलं पॉलिएस्टर लेबल घेतलं, महाग पडलं पण टिकतंय. लूम सेक्शनला (मागांकडं) कापसाची धूळ इतकी उडते की लावायच्या आधी जागा स्पिरिटनं पुसल्याशिवाय गोंद धरतच नाही. आणि कॅबिनेटच्या साइड पॅनलवर कधीच लावू नका, सफाईत दोन पीसीची पॅनलं अदलाबदल झाली की नंबर पण अदलाबदल, मागं पोर्टांच्या बाजूला चेसिसवरच (मूळ सांगाड्यावर) लावा. केबलला दोन्ही टोकांना तोच नंबर, हे तर पाहिजेच.

माऊस, कीबोर्ड नोंदीत घेतले नाहीत. बंद पडला तर काम थांबतं का आणि बदल करताना कुणाला विचारावं लागतं का, एवढ्यावरनं काय घ्यायचं ते ठरवलं.

आता राहिलंय ते जोडणीचं, कुठला स्विच कुठल्या यूपीएसवर, वजनकाट्याचा पीसी कुठल्या पोर्टला. हे सगळं आमच्या इलेक्ट्रिशियन अण्णांच्या डोक्यात आहे आणि ते आता रिटायरमेंटला आलेत, म्हणून दुपारी चहा झाला की त्यांच्याबरोबर एकेक केबल धरत फिरतो, ते बोलतात तसं जागेवरच मोबाईलवर भरतो. डाइंगची बाजू झाली, लूमची चालूय.